मोजता येते म्हणजे नेमके काय येते?

चार वर्षांचे मूल न अडखळता वीसपर्यंत अंक म्हणू लागले की घरातली मोठी माणसे समाधानाने म्हणतात, ‘याला मोजता येते.’ त्याच मुलासमोर चिंचोक्यांची वाटी ठेवून ‘यातले पाच मला दे’ म्हटले, तर पुष्कळदा ते मूठभर चिंचोके उचलून देते. ‘मोजून बघ’ म्हटले की एकेकावर बोट ठेवत ‘एक, दोन, तीन’ करत आठपर्यंत बिनचूक जाते. मग ‘किती झाले?’ असे विचारले, तर ‘आठ’ न म्हणता पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागते. अंक म्हणणे, वस्तू मोजणे, ‘किती’ला उत्तर देणे आणि दोन ढिगांपैकी जास्त कोणता हे सांगणे, ही चार निरनिराळी कौशल्ये आहेत आणि ती एकाच वेळी येत नाहीत. ती एकमेकांना कशी जोडली जातात, आपोआप की शिकवून, आणि शिकवायचीच तर कोणत्या क्रमाने, हा बालशिक्षणातला गेल्या ऐंशी वर्षांचा वाद आहे. आजवरचा पुरावा पाहता मला असे दिसते की ही कौशल्ये सुटी सुटी कितीही घोटून घेतली तरी मुलाचे गणित फारसे पुढे जात नाही. शिकवणीचे खरे काम त्यांच्यातला सांधा जुळवण्याचे आहे. या म्हणण्याला आधार काय आहे आणि तो कुठे अपुरा पडतो, ते क्रमाने पाहू.

पियाजे आणि त्यानंतर

जाँ पियाजे आणि अलिना शेमिन्स्का यांचा ग्रंथ १९४१ साली फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाला आणि आधुनिक चर्चा तिथून सुरू झाली. त्यातला गाजलेला प्रयोग अगदी साधा आहे. सारख्याच संख्येच्या वस्तूंच्या दोन ओळी समोरासमोर मांडायच्या आणि ‘दोन्हींत सारख्याच आहेत ना?’ असे विचारायचे. मूल ‘हो’ म्हणते. मग त्याच्या डोळ्यांदेखत एक ओळ लांबवायची आणि तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. पाच वर्षांची बरीच मुले आता लांब ओळीत जास्त वस्तू आहेत असे सांगतात. यावरून पियाजे यांनी निष्कर्ष काढला की वर्गीकरण आणि क्रम लावणे या दोन तार्किक क्रिया पक्क्या झाल्याशिवाय, म्हणजे साधारण सहा-सात वर्षांपर्यंत, संख्येची खरी समज येत नाही. तोवरचे मोजणे हे केवळ शब्दांचे पाठांतर. पहिलीच्या पुस्तकांच्या सुरुवातीला लहान-मोठा, मागे-पुढे, जोड्या लावा अशी जी पाने दिसतात, त्यांच्यावर या विचाराचा ठसा आहे.

या निष्कर्षाला १९७० च्या दशकात दोन बाजूंनी आव्हान मिळाले. जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी ओळ विस्कटण्याचे काम प्रयोगकर्त्याऐवजी एका खोडकर टेडी अस्वलाकडे दिले, तेव्हा त्याच वयाच्या कितीतरी जास्त मुलांनी ‘सारख्याच आहेत’ असे बरोबर सांगितले. मोठ्या माणसाने मुद्दाम काही बदल करून तोच प्रश्न पुन्हा विचारला, की आपले उत्तर बदलणे अपेक्षित आहे असा मुलाचा समज होतो. चूक संख्येच्या समजेतली नसून संवादातली असू शकते, असे त्यांचे म्हणणे. दुसरे आव्हान रोशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टल यांचे. १९७८ च्या ग्रंथात त्यांनी मोजणीची पाच तत्त्वे मांडली: प्रत्येक वस्तूला एकच शब्द, शब्दांचा ठरलेला क्रम, शेवटचा शब्द म्हणजेच एकूण संख्या, कोणतीही वस्तू मोजता येणे आणि कुठूनही सुरुवात केली तरी उत्तर तेच येणे. ही तत्त्वे मुलांना फार लवकर, बहुधा उपजतच कळतात आणि चुका होतात त्या अंमलात, असा त्यांचा दावा होता. पियाजे मुलाला कमी लेखतात, गेलमन जास्त श्रेय देतात, आणि पुढच्या संशोधनाची वाट या दोघांच्या मधून गेली.

महाराष्ट्रात या वादाच्या बाहेर, पण त्याला समांतर, एक प्रत्यक्ष काम उभे राहिले होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि नंतर कोसबाडला माँटेसोरी पद्धतीला आदिवासी पाड्यांच्या अंगणात आणले आणि महागड्या साधनांच्या जागी बिया, शंख-शिंपले, काड्या, पाने अशा हाताशी मिळणाऱ्या वस्तू वापरल्या. माँटेसोरीच्या साधनांमागे स्वतःचा एक विचार आहे. लांबीने वाढत जाणाऱ्या दांड्यांत संख्या अखंड दिसते. शून्य ते नऊ कप्प्यांच्या पेटीत ती सुट्या काठ्यांची बनलेली दिसते आणि शून्याचा कप्पा रिकामाच राहतो. आज प्रयोगशाळेतून जी भाषा येते तिच्यात सांगायचे तर ही साधने मोजणी, राशी आणि अंकचिन्ह यांना एकाच कृतीत गाठतात. कोसबाडच्या अंगणात हे फार पूर्वी घडत होते, याची दखल या विषयावरच्या लेखनात क्वचितच घेतली जाते.

शब्दांची माळ आणि ‘किती’चा अर्थ

कॅरन विन यांनी १९९० च्या सुमारास ‘अमुक इतक्या वस्तू दे’ ही कसोटी पद्धतशीरपणे वापरली आणि एक विलक्षण नियमित क्रम पुढे आणला. दहापर्यंत अंक म्हणता येणाऱ्या मुलाला आधी फक्त ‘एक’चा अर्थ कळलेला असतो, एक मागितला तर एक देते, दोन किंवा पाच मागितले तर मूठ भरते. काही महिन्यांनी ‘दोन’ कळतो, आणखी काही महिन्यांनी ‘तीन’. पुढचा टप्पा मात्र उडी घेतल्यासारखा असतो: तीन किंवा चारपर्यंत पोचलेल्या मुलाला अचानक उमगते की मोजताना आलेला शेवटचा शब्द हाच ‘किती’चा जबाब आहे, आणि मग ते पाच, सहा, सात अशा सगळ्याच संख्या मोजून देऊ लागते. ज्या मुलांचा अभ्यास झाला त्यांच्यात हे साधारण साडेतीन-चार वर्षांच्या आसपास घडते, पण घराघरांत फरक मोठा असतो.

ही उडी कशी घडते यावर एकमत नाही. सुझन केरी यांच्या मते मूल आधी अंकांची माळ अर्थाविना पाठ करते, लहान संख्या एकेक करून शिकते, आणि मग ‘पुढचा शब्द म्हणजे आणखी एक’ हा मेळ त्याला दिसतो. असे असेल तर पाठांतर हा पायाच ठरतो. पण डेव्हिडसन, एंग आणि बार्नर यांनी २०१२ साली दाखवले की वस्तू बरोबर मोजून देणाऱ्या पुष्कळ मुलांनाही ‘डब्यात पाच आहेत, आणखी एक टाकला तर सहा की सात?’ हे सांगता येत नाही. म्हणजे उडी वाटते तितकी मोठी नाही. प्रक्रिया आधी आत्मसात होते आणि अर्थ त्यात पुढे वर्ष-दोन वर्षे भरत राहतो.

यावरून घोकंपट्टीवर सरसकट टीका करणाऱ्यांना आणि तिचा सरसकट पुरस्कार करणाऱ्यांना, दोघांनाही थोडे थांबावे लागते. शब्द नसतील तर काय होते याचे उदाहरण ब्राझीलमधल्या पिराहा लोकांचे आहे. त्यांच्या भाषेत नेमक्या संख्यांसाठी शब्द नाहीत. समोरच्या वस्तूंना जोडीने वस्तू लावणे त्यांना जमते. पण वस्तू झाकल्या आणि राशी आठवून तितक्याच मांडायला सांगितल्या की अचूकता घसरते. म्हणजे संख्यानामांची माळ हे नेमकी राशी लक्षात ठेवण्याचे साधन आहे आणि ती मुलाच्या तोंडी बसलीच पाहिजे. पण केवळ माळ लांबवत नेल्याने अर्थ येत नाही. केली मिक्स आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली निरनिराळ्या पद्धती ताडून पाहिल्या. नुसते मोजून दाखवण्याने किंवा नुसती संख्या सांगण्याने मुलांमध्ये फरक पडला नाही. आधी संख्या सांगून लगेच तोच समूह मोजला, तेव्हा पडला. ‘बघ, चार बिया. एक, दोन, तीन, चार.’ इतकी छोटी गोष्ट आहे ही. एलिझाबेथ गंडरसन आणि सुझन लेव्हिन यांनी घरातल्या बोलण्याचा अभ्यास केला, तेव्हा समोर दिसणाऱ्या वस्तूंविषयीचे, आणि त्यातही चार ते दहा इतक्या संख्यांचे बोलणे मुलांच्या पुढच्या समजेशी जास्त निगडित आढळले. आईवडील मात्र बहुतेक वेळा एक, दोन, तीनपाशीच थांबतात.

बोटांवर मोजण्याचा प्रश्नही इथेच येतो. आपल्याकडे अंगठ्याने पेरे मोजण्याची रीत आहे, आणि पहिलीपासूनच ‘बोटे मोजू नकोस’ अशी ताकीदही आहे. नॅन्सी जॉर्डन यांच्या २००८ च्या अभ्यासात बालवाडीच्या वयात बोटे वापरणारी मुले गणितात सरस होती. दुसरीच्या शेवटी हे नाते उलटले होते. बोटांचा आधार सुरुवातीला काढून घेण्याचे कारण नाही, आणि तो कायम ठेवण्याचेही नाही, इतके यावरून निश्चित म्हणता येते.

कमी, जास्त, तितकेच

तुलनेचे कौशल्य मोजणीच्या आधीचे आहे, हा गेल्या तीस वर्षांतला सर्वांत चर्चिलेला शोध. फेई शू आणि एलिझाबेथ स्पेल्की यांनी २००० साली दाखवले की सहा महिन्यांची बाळे ८ आणि १६ ठिपक्यांतला फरक ओळखतात, ८ आणि १२ मधला ओळखत नाहीत. म्हणजे न मोजता अंदाजाने कमी-जास्त ओळखण्याची एक जाण जन्मापासून असते, आणि ती फरकापेक्षा प्रमाणावर चालते. २००८ साली जस्टिन हाल्बर्डा आणि सहकाऱ्यांनी ही जाण किती तीक्ष्ण आहे याचा संबंध चौदा वर्षांच्या मुलांच्या लहानपणापासूनच्या गणिताच्या गुणांशी जोडला, आणि मोठी आशा निर्माण झाली: ही जाण घासून लख्ख केली तर पुढचे गणित सुधारेल का?

या आशेची सर्वांत काळजीपूर्वक परीक्षा भारतात झाली. मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेच्या दिल्लीतील बालवाड्यांमध्ये मोइरा डिलन, स्पेल्की, एस्थर दुफ्लो आणि सहकाऱ्यांनी २१४ बालवाड्यांतल्या सुमारे १५०० मुलांवर प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१७ साली ‘सायन्स’मध्ये आले. काही मुलांनी ठिपक्यांचे कमी-जास्त आणि आकृत्या ओळखण्याचे खेळ कित्येक महिने खेळले. अंदाजाची जाण सुधारली आणि वर्षभरानंतरही टिकली. पण पहिलीच्या शालेय गणितात या मुलांना काहीही फायदा झाला नाही. मायकेल श्नायडर आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब केला, तेव्हा अंकचिन्हांची तुलना आणि गणितातले यश यांचा संबंध (सुमारे ०.३०) ठिपक्यांच्या तुलनेपेक्षा (सुमारे ०.२४) जास्त निघाला. उपजत जाण आणि शाळेचे गणित यांच्यामधला पूल चिन्हांचा आणि शब्दांचा आहे आणि तो मुलाने आपोआप ओलांडावा अशी अपेक्षा ठेवता येत नाही, असा मी याचा अर्थ लावतो. ‘मग असे खेळ व्यर्थच का?’ असा आक्षेप घेता येईल. व्यर्थ नाहीत, पण खेळात अंक आणि संख्यानाम जोडलेले असावे लागते.

याच्या बाजूचा पुरावा रॉबर्ट सीगलर आणि गीता रमणी यांचा. १ ते १० आकड्यांची सरळ रेषेत घरे असलेला पट घेऊन अमेरिकेतल्या गरीब कुटुंबांतल्या मुलांशी पंधरा-पंधरा मिनिटांचे थोडेच डाव खेळले गेले, आणि मुलांची मोजणी, अंकओळख, अंकांची तुलना आणि रेषेवर अंकाची जागा दाखवणे हे सगळेच सुधारले. त्याच पटावर आकड्यांऐवजी रंग असले तर फायदा झाला नाही. घरे गोलाकार मांडली तरी तितका झाला नाही. सरळ पटावर मूल पुढे जाताना आकडा, अंतर, वेळ आणि बोललेले शब्द सगळे एकाच दिशेने वाढतात. आपली सापशिडी घरोघर आहे, पण तिच्या ओळी दर दहा घरांनी उलट फिरतात. अगदी लहान मुलांसाठी पहिल्या दहा घरांचा सरळ पट खडूने जमिनीवर आखणे जास्त सोपे आणि बहुधा जास्त उपयोगी.

तुलनेच्या भाषेकडे वर्गात फार कमी लक्ष जाते. डोनाल्डसन आणि बॅलफर यांनी १९६८ साली दाखवले होते की साडेतीन वर्षांची पुष्कळ मुले ‘कमी’ विचारले तरी ‘जास्त’ असलेलाच समूह दाखवतात. आपल्या पाठ्यपुस्तकांत ‘लहान संख्या, मोठी संख्या’ असे विचारले जाते, तेव्हा हेच शब्द मुलाने आतापर्यंत चेंडूच्या आकारासाठी वापरलेले असतात. मग पाच आंबे आणि सात बोरे समोर ठेवली की आंब्यांकडे बोट जाते. त्याच वेळी < आणि > ही चिन्हे आणि मगरीच्या तोंडाची युक्ती शिकवली की मूल तोंड बरोबर दिशेला काढते, आणि कोणत्या ढिगात किती जास्त आहेत हे विचारले की गप्प बसते. एकास एक जोडी लावून ‘इथे दोन उरले, म्हणून हे दोनने जास्त’ असे म्हणून घेणे या चिन्हांच्या आधी व्हायला हवे.

एकवीस की वीस एक

मराठी मुलाची वाट दहानंतर वेगळी होते. अकरा ते नव्व्याण्णव ही नावे एकेक करून पाठ करावी लागतात, कारण त्यांतला नियम ध्वनींच्या बदलांत झाकला गेला आहे. ‘दोन’ बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव असे रूप पालटत जातो. एकोणीस, एकोणतीसपासून एकोणनव्वदपर्यंतची नावे पुढच्या दशकातून एक वजा करून बनतात आणि नव्व्याण्णवला हा नियमही मोडतो. शिवाय नावात एकक आधी आणि दशक नंतर येते, तर लिहिताना दशक आधी. दोन अंकी संख्यांची तुलना दशकावर चालते, आणि मुलाच्या कानावर आधी पडते ते एकक. त्रेपन्न ऐकून ३५ लिहिणारे मूल ऐकलेल्या क्रमानेच लिहीत असते. ३९ आणि ४१ यांत मोठी कोणती हे ठरवताना तर ‘एकोणचाळीस’मध्ये चाळीस ऐकू येतात.

बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ साली ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची पद्धत आली, तिच्यामागे हा विचार होता. विषय समितीच्या तेव्हाच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांची बाजू अशी होती की दक्षिणेकडच्या भाषांत आणि इंग्रजीत दशक आधी येते, मुलांना ते सोपे जाते, आणि जुनी नावे बाद केलेली नाहीत. विरोधकांच्या बाजूलाही वजन होते. बाजारात, घरात, पाढ्यांत, आजी-आजोबांच्या तोंडी एकवीसच असणार. शाळेची भाषा घरापासून तुटली तर आधीच मागे असलेल्या मुलाला दोन पद्धती शिकाव्या लागतील. आणि संख्यानामे हा भाषेचा वारसा आहे, तो समितीने बदलू नये. हा वाद विधिमंडळापर्यंत गेला.

बाहेरचा पुरावा नारळीकरांच्या बाजूला काही अंशी जातो. केव्हिन मिलर आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली दाखवले की दहापर्यंत चिनी आणि अमेरिकी मुले सारखीच असतात, पण ‘दहा एक, दहा दोन’ म्हणणारी चिनी मुले अकरानंतर पुढे निघतात. ऑस्ट्रियातल्या सात वर्षांच्या जर्मनभाषक मुलांच्या संख्यालेखनातल्या जवळजवळ निम्म्या चुका एकक-दशकाच्या उलट क्रमाशी निगडित होत्या. मात्र चीनचा फायदा नावांचा किती आणि घराघरांतल्या सरावाचा किती, हे सुटे करता येत नाही. आणि जर्मन-डच मुले ही अडचण काही वर्षांत ओलांडतात. नॉर्वेने १९५१ साली, टेलिफोन क्रमांक सांगण्याच्या सोयीचा विचार करून, संसदेच्या निर्णयाने दशक आधी म्हणण्याची पद्धत स्वीकारली. शाळा आणि नभोवाणी बदलली, पण जुनी नावे लोकांच्या बोलण्यात कित्येक दशके टिकून राहिली. यावरून दोन्ही बाजूंना शिकण्यासारखे आहे: बदल होऊ शकतो, आणि दोन पद्धती दीर्घकाळ शेजारी नांदू शकतात.

माझ्या मते नावांचा वाद दशकाच्या समजेपासून सुटा काढला की निष्फळ होतो. दिल्लीच्या ‘जोडो ज्ञान’ गटाची गणितमाळा पाहा. शंभर मण्यांची माळ भिंतीवर टांगलेली असते आणि दर दहा मण्यांनी रंग बदलतो. ‘पस्तीसवर चिमटा लाव’ म्हटले की मूल आधी एकेक मणी मोजते. काही दिवसांनी दहा, वीस, तीस असे रंगावरून उडत जाऊन पुढे पाच मणी मोजते. मग त्रेपन्नाचा चिमटा लागला की कोणती संख्या पुढे आहे हे डोळ्यांना दिसते. इथे शिक्षक ‘तीस आणि पाच, पस्तीस’ असे दोन्ही म्हणू शकतो. पारंपरिक नाव भाषेत राहते आणि त्याच्या पोटातली रचना उघडी होते.

लवकर शिकवलेले टिकते का

ग्रेग डंकन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली सहा दीर्घकालीन अभ्यासांच्या आधारे दाखवले की शाळेत येतानाचे गणित हा पुढच्या यशाचा सर्वांत प्रबळ निदर्शक आहे. या निष्कर्षाचा आधार घेऊन अनेक देशांनी बालवयातल्या गणितावर भर दिला. पण निदर्शक म्हणजे कारण नव्हे. डग्लस क्लेमेंट्स आणि जुली सरामा यांच्या सुनियोजित कार्यक्रमात मुलांची प्रगती चांगली होते, आणि पुढच्या वर्गांत इतर मुलांशी असलेले अंतर घटत जाते. एक बाजू म्हणते की पुढचे वर्ग तेच पुन्हा शिकवतात म्हणून आघाडी विरते. ड्र्यू बेली यांच्यासारखे अभ्यासक म्हणतात की कुटुंब आणि क्षमता यांसारखे टिकाऊ घटकच दोन्ही वेळचे गुण ठरवत होते. हा वाद मिटलेला नाही.

आपल्याकडे २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला आणि जुलै २०२१ मध्ये ‘निपुण भारत’ सुरू झाले. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचन आणि संख्याज्ञान यावे हे त्याचे २०२६-२७ पर्यंतचे उद्दिष्ट. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण भागातली तिसरीची ३३.७ टक्के मुले दोन अंकी वजाबाकी करू शकली. तीन ते सहा वयाची बहुसंख्य मुले मात्र अजून अंगणवाडीत किंवा खासगी बालवर्गात असतात. अंगणवाडीच्या ताईंवर १९७५ पासून पोषण, लसीकरण, नोंदवह्या यांचा भार आहे. खासगी बालवर्गात चार वर्षांच्या मुलाकडून शंभरपर्यंत अंक वहीत लिहून घेतले जातात, कारण पालकांना तेच दिसते. खेळातून की थेट शिकवून, हा वाद या दोन्ही ठिकाणी तितकासा खरा नाही. ज्या प्रयोगांत फायदा दिसला ते बहुतेक खेळच होते, पण प्रौढाने हेतू धरून खेळवलेले. नुसती वस्तूंची टोपली समोर ठेवण्यावर किंवा नुसत्या वहीवर ते उभे नाहीत.

उरतो मूल्यमापनाचा प्रश्न, आणि मराठीसाठी तो सर्वांत निकडीचा आहे. ‘असर’सारख्या पाहण्यांत दोन अंकी संख्या ओळखणे म्हणजे ३५ पाहून तिचे नाव सांगणे. मूल ‘त्रेपन्न’ म्हणाले तर ते चुकले अशी नोंद होते. पण त्याला दशक-एकक कळत नाही, की नाव आठवताना क्रम उलटला, हे त्यातून समजत नाही, आणि दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. त्याच मुलाला दहा-दहाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या देऊन ३५ मांडायला सांगावे, ५३ च्या मांडणीशेजारी ठेवून जास्त कोणत्या ते विचारावे, आणि नाव शेवटी घ्यावे. अशी तीन पायऱ्यांची चाचणी मोठ्या प्रमाणावर घेतली, तर २०१९ च्या वादातले किती ओझे नावांचे होते आणि किती शिकवण्याचे, हे आकड्यांत सांगता येईल.